स्टॅनले कपच्या वस्तू जमवताना: आधी कागद, मग जर्सी

स्टॅनले कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगच्या विजेत्याला मिळणारा चषक, विकत मिळत नाही. जिंकलेल्या संघाच्याही तो मालकीचा होत नाही, पुढच्या विजेत्याकडे जाईपर्यंत त्याच्याकडे राहतो इतकंच. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी १८९२ मध्ये दिलेला मूळ चांदीचा वाडगा टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, एका जुन्या बँकेच्या तिजोरीत ठेवलेला आहे. खेळाडू बर्फावर डोक्यावर उचलतात तो साधारण ८९ सेंमी उंच आणि साडेपंधरा किलो वजनाचा चषक वेगळा, आणि तो बाहेरगावी असताना हॉलमध्ये मांडायला केलेली प्रतिकृती आणखी वेगळी.

संग्राहकाच्या हाती येतं ते या चषकाच्या आजूबाजूचं: खेळाडूला मिळालेली अंगठी, त्याला दिलेला छोटा चषक, अंतिम फेरीत घातलेली जर्सी, गोलचा पक (आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती), स्टिक, हातमोजे, तिकिटं, कार्यक्रमपत्रिका. यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूची हुबेहूब दिसणारी नक्कल बाजारात आहे. खऱ्याखोट्याचा फरक बहुतेक वेळा वस्तूत नसतो, तिच्या कागदांत असतो.

काय जमवायचं ते आधी ठरवा

"हॉकीचं सगळं" जमवणाऱ्याकडे दोन वर्षांत खोकीभर सामान होतं आणि त्यातलं एकही धड ओळखता येत नाही. एक संघ आणि एक विजय निवडा. एडमंटन ऑइलर्सने १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९० मध्ये कप जिंकला. यातलं एकच वर्ष धरलं तरी आयुष्यभराचं काम आहे. पण जुन्या काळात वस्तूंची नोंद ठेवायची पद्धत नव्हती, त्यामुळे नवख्याने अलीकडचा विजय घ्यावा. पिट्सबर्ग २०१६ आणि २०१७, टॅम्पा बे २०२० आणि २०२१, फ्लोरिडा २०२४ आणि २०२५ या विजयांच्या वस्तूंना क्रमांक, होलोग्राम आणि बख्खळ छायाचित्रं आहेत. कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर महिलांच्या पीडब्ल्यूएचएल लीगकडे जरूर पाहा. ती जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिचा वॉल्टर कप पहिली दोन्ही वर्षं मिनेसोटाने जिंकला. पहिल्या हंगामाच्या वस्तू एकदाच तयार होतात.

निवड झाली की त्या वर्षीच्या खेळाडूंची यादी काढा. कपवर नाव कोरलं जाण्यासाठी खेळाडूने त्या हंगामात संघाकडून निदान ४१ सामने किंवा अंतिम फेरीतला निदान एक सामना खेळलेला असावा लागतो. दुखापतीसारख्या कारणाने संघ अपवाद मागू शकतो. ही यादी पुढे सतत लागेल. संघातल्या सगळ्यांच्या सह्या असलेली "अंतिम फेरीची" जर्सी समोर आली आणि तिच्यावर फेब्रुवारीत दुसऱ्या संघात गेलेल्या खेळाडूची सही दिसली, तर तिथेच थांबायचं.

वस्तू मुकी असते

९ जून २०१० रोजी फिलाडेल्फियात शिकागोच्या पॅट्रिक केनने जादा वेळेत गोल मारला आणि शिकागोला ४९ वर्षांनी कप मिळाला. पक जाळ्याच्या तळाशी अडकला, क्षणभर कुणाला गोल झाल्याचं कळलंच नाही, आणि मग जल्लोषात तो पक गेला तो गेलाच. शिकागोतल्या एका उपाहारगृहाच्या मालकाने ५०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, तरी तो मिळाला नाही. समजा उद्या कुणी खरोखर तोच पक आणून दिला, तरी तो तोच आहे हे सिद्ध कसं करणार? त्या रात्री वापरलेल्या आणि दुकानांत विकलेल्या पकांच्या रबरात फरक नसतो. जाळ्यातून कुणी उचलला, कुणाच्या हाती दिला, पाकिटावर कुणी काय लिहिलं, ही साखळी एका ठिकाणी तुटली की वस्तूची किंमत रबराइतकी उरते.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "तुमच्याकडे ही कशी आली?" हा विचारा आणि उत्तर लेखी घ्या. चांगलं उत्तर संघाच्या अधिकृत विक्रीची पावती, खेळाडूचं किंवा त्याच्या कुटुंबाचं सहीचं पत्र, लिलावाचा क्रमांक आणि तारीख असं असतं. "माझा मित्र स्टेडियममध्ये कामाला होता" हे उत्तर खरंही असेल, पण पुढच्या गिऱ्हाइकापुढे ते टिकत नाही. अंगठी किंवा छोटा चषक असेल तर ती वस्तू चोरीला गेल्याची तक्रार कधी झाली होती का, तेही शोधा. चोरीचा माल कितीही प्रामाणिकपणे विकत घेतला तरी तो आपला होत नाही.

जर्सी

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि पडताळणीची सगळ्यात चांगली साधनंही इथेच आहेत.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण विक्रेते ते मुद्दाम सैल वापरतात. "गेम वॉर्न" म्हणजे सामन्यात घातलेली. "गेम इश्यूड" म्हणजे त्या खेळाडूसाठी तयार केलेली, पण घातल्याचा पुरावा नसलेली. "टीम इश्यूड" म्हणजे संघाच्या साठ्यातली. "ऑथेंटिक" म्हणजे दुकानातली महागडी प्रत, खेळाडूशी तिचा संबंध नाही. संघ हंगामात जर्सींचे दोन-तीन संच वापरतात आणि बाद फेरीसाठी बऱ्याचदा वेगळा संच काढतात. त्यामुळे "२०१७ ची जर्सी" एवढं पुरत नाही. कोणता संच आणि कोणते सामने, हे हवं.

उत्पादक आणि वर्ष जुळतात का ते पाहा. रीबॉक एजची जर्सी २००७–०८ ते २०१६–१७ या हंगामांत होती, आदिदासची २०१७–१८ ते २०२३–२४, आणि त्यानंतर फॅनॅटिक्सची. २०१६ च्या अंतिम फेरीची म्हणून आदिदासची जर्सी कुणी दाखवली तर पुढे बोलायची गरज नाही. आदिदासच्या काळात खेळाडूंच्या जर्सी क्युबेकमधल्या सेंट-हायसिंथला शिवल्या जात आणि लेबलवर कॅनडा असे. दुकानातल्या ऑथेंटिक प्रतींवर बहुधा इंडोनेशिया असे. पण कोऱ्या कॅनडा-शिवणीच्या जर्सीही बाजारात आल्या, त्यांवर नाव आणि क्रमांक शिवून विकले गेले. इंडोनेशियाच्या लेबलवर संशय घ्यायलाच हवा, मात्र नुसतं कॅनडाचं लेबल पाहून खात्री धरू नका.

आकारही पाहा. खांद्यावर पॅड चढवून घालायची असल्याने खेळाडूंची जर्सी बहुतेक ५६ किंवा ५८ आकाराची असते, गोलरक्षकांची ५८जी किंवा ६०जी. सव्वासहा फुटी बचावपटूची जर्सी ५० आकाराची निघाली तर ती भिंतीवर लावायला शिवली आहे.

मग आत पाहा. पाठीच्या आतल्या बाजूला एक पट्टा असतो, मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून तो पँटला अडकवतात. घातलेल्या जर्सीत त्याच्या वेल्क्रोत धागे आणि कचरा अडकलेला दिसतो, टाके ताणलेले असतात. बाहेरच्या बाजूला, विशेषतः बाही आणि कोपरांवर, रिंगणाच्या फळ्यांवर घासल्याचे डाग हवेत. पकाचा काळा, फळ्यांच्या तळाच्या पट्टीचा पिवळा, रेषांचा लाल-निळा रंग लागलेला असतो. खोटे डाग सहसा समोरच्या बाजूला, ठळक आणि सारख्या अंतरावर असतात. खरे डाग जिथे अंग आपटतं तिथेच पडतात. अंतिम फेरीचा खास बिल्ला आतून तपासा. नंतर चिकटवलेल्या किंवा घरी शिवलेल्या बिल्ल्याचा धागा आणि टाक्यांची लांबी बाकीच्या शिवणीशी जुळत नाही.

एवढं करूनही "ही घातलेली जर्सी आहे" एवढंच कळतं. "या सामन्यात घातली" हे कळायला छायाचित्राशी जुळणी करावी लागते. ती अशी:

१. त्या सामन्याची मोठी, स्पष्ट छायाचित्रं मिळवा. छायाचित्र संस्थांच्या संकेतस्थळांवरची लहान नमुनाचित्रं शोधायला पुरतात, जुळवायला पुरत नाहीत. दोन-तीन चित्रं पैसे देऊन पूर्ण आकारात घ्या.

२. जर्सी सपाट पसरून, कडेने येणाऱ्या उजेडात, चित्रातल्याच कोनातून फोटो काढा.

३. नावपट्टीवरची अक्षरं आणि क्रमांकाच्या कडा जाळीच्या कोणत्या छिद्रांवर बसल्या आहेत ते मोजा. हे भाग हाताने ठेवून शिवलेले असतात, म्हणून दोन जर्सींत छिद्रांचा हिशेब सहसा एकसारखा येत नाही. पुसट झालेल्या जुन्या जर्सीवरही ही खूण टिकते.

४. रफू, ओढलेले धागे, न निघणारे डाग शोधा. एकमेकांपासून दूर असलेल्या निदान तीन खुणा एकाच तारखेच्या चित्रांत जुळायला हव्यात. एक खूण जुळली आणि दुसरी स्पष्टपणे विसंगत निघाली, तर ती जर्सी नाकारा.

५. डागांचा काळ विसरू नका. डाग धुण्यात जातात आणि नवे पडतात. आधीच्या सामन्यात नसलेला डाग नंतर असू शकतो, पण शिवण बदलत नाही.

हे काम स्वतः शिकावं आणि महागड्या वस्तूसाठी बाहेरूनही करून घ्यावं. न्यू जर्सीतली मायग्रे ही संस्था याच कामासाठी ओळखली जाते. तिच्या जर्सींवर क्रमांकाची चिठ्ठी असते. अशा जुळणीने किती फरक पडतो? ऑइलर्सचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झकीने १९८८ च्या अंतिम फेरीत घातलेली ऑइलर्सची शेवटची जर्सी २०२२ मध्ये सुमारे १४.५ लाख अमेरिकी डॉलरला गेली. १९८८ च्याच ऑगस्टमध्ये तो लॉस एंजलिसच्या संघात गेला होता. त्याच वर्षीची, पण कोणत्या सामन्यातली ते सांगता न येणारी जर्सी त्या किमतीच्या जवळपासही जाणार नाही.

पक आणि स्टिक

पकाचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. काटा आणि पट्टी घेऊन हे तपासायला मिनिट लागतं आणि स्वस्त नकला इथेच गळतात. पण अंतिम फेरीचं चिन्ह छापलेला "अधिकृत" पक दुकानातही मिळतो, म्हणून मापात बसला म्हणजे वापरला असं नाही. वापरलेल्या पकाच्या कडेची खरबरीत नक्षी गुळगुळीत झालेली असते, छापावर आडवेतिडवे ओरखडे असतात. सरावातला पक, सामन्यातला पक आणि गोलचा पक अशी किंमत चढत जाते. गोलच्या पकासोबत होलोग्राम क्रमांक, गोल करणाऱ्याचं नाव, सामन्याचा कितवा कालखंड (पीरियड) आणि मिनिट-सेकंद हे सगळं हवं. ते सामन्याच्या अधिकृत नोंदीशी ताडून पाहा.

खेळाडूंच्या स्टिकवर दांड्यावर त्याचं नाव किंवा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. तो असला तरी स्टिक कारखान्यातून थेट बाजारात आलेली असू शकते, कारण एकेका खेळाडूला हंगामात डझनावारी स्टिक लागतात. टेप पाहा. टाचेकडून टोकाकडे गुंडाळली आहे की उलट, वरच्या टोकाची गाठ केवढी आहे, रंग कोणता, या सवयी खेळाडू वर्षानुवर्षं बदलत नाहीत आणि छायाचित्रांत त्या स्वच्छ दिसतात. पात्यावर पकाचे काळे ठसे आणि दांड्यावर दुसऱ्या स्टिकचे घाव हवेत. टेप कधीही काढू नका. पाठवणीच्या सोयीसाठी दांडा कापून घ्यायला कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, कापलेली स्टिक म्हणजे फक्त कार्बनची काठी.

सही

स्वतःच्या डोळ्यांसमोर घेतलेली सही सगळ्यात खात्रीची. संघांचे सराव कित्येकदा लोकांसाठी खुले असतात, आणि टोरोंटो परिसरात वसंतात आणि शरदात भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनांत माजी विजेते पैसे घेऊन सही देतात. टोरोंटो, मिसिसागा भागातल्या मराठी मंडळींना हे घराजवळ आहे, त्याचा फायदा घ्यावा.

पकावर चंदेरी किंवा पांढरा पेंट मार्कर वापरा. नवा पक थोडा तेलकट असतो, म्हणून आदल्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून वाळवा, नाहीतर शाई पापुद्र्यासारखी सुटते. पेन हलवून आधी पुठ्ठ्यावर चालवून पाहा, पहिल्या दाबाला रंगाचा थेंब पडतो. सही झाल्यावर दहा मिनिटं बोट लावू नका. जर्सीवर सही घ्यायची तर खाली पुठ्ठा घालून कापड ताणून धरा आणि क्रमांकाच्या सपाट भागावर घ्या. जाळीवर शाई पसरते. छायाचित्रावर निळा मार्कर बरा, काळी सही छापील वाटते.

विकत घेतलेली सही दहापट भिंगाखाली पाहा. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती छापील आहे. खरी सही वेगात केलेली असते, शेवटचा फटकारा निमुळता होत जातो. नक्कल करणारा हळू लिहितो, म्हणून रेषा थरथरते, जाडी एकसारखी राहते आणि नको तिथे पेन उचललेलं दिसतं. तुलना त्याच काळातल्या सहीशी करा. तरुणपणी पूर्ण नाव लिहिणारा खेळाडू पुढे दोन वेटोळी काढतो.

पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं बाजारात चालतात. वेन ग्रेट्झकीच्या बाबतीत अपर डेक या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा होलोग्राम पाहतात. क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथलं वर्णन किंवा फोटो हातातल्या वस्तूशी जुळतो का ते बघा, कारण एकच खरा क्रमांक दहा खोट्या वस्तूंवर चिकटवला जाऊ शकतो. अनोळखी संस्थेचं सुंदर सोनेरी प्रमाणपत्र काही सिद्ध करत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने "ऑपरेशन बुलपेन" या तपासात खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा त्या मालासोबत प्रमाणपत्रंही होतीच.

अंगठी आणि छोटा चषक

विजेत्याची अंगठी खरी की खोटी हे सोनाराला कळतं, मात्र ती कुणाची हे त्याला कळत नाही. दोन्ही तपास करायला हवेत.

आतल्या बाजूला १०के किंवा १४के अशी खूण आणि बनवणाऱ्याचं चिन्ह शोधा. कसोटीवर घासू देऊ नका, त्याने ओरखडा कायमचा राहतो. यंत्रावर टंच काढून घ्या. घरी करायची प्राथमिक चाचणी म्हणजे आधी अंगठीचं वजन करायचं, मग ती दोऱ्याने पाण्यात लटकवून घट किती येते ते मोजायची, आणि मूळ वजनाला घटीने भागायचं. १४ कॅरटला उत्तर १३ च्या आसपास येतं, १० कॅरटला साडेअकराच्या, पितळेला साडेआठच्या. खड्यांमुळे आकडा थोडा खाली येतो, म्हणून साडेदहा आलं तर घाबरू नका, आठ आलं तर परत करा. भिंगातून खडे पाहा: खऱ्या अंगठीत धातूच्या बारीक दातांनी धरलेले, नकलेत डिंकाने बसवलेले.

अंगठ्यांतही प्रतवारी असते. खेळाडूंची, कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांची कमी खड्यांची, आणि कारागिराने नमुना म्हणून दाखवायला केलेली, जिला सेल्समन सँपल म्हणतात. तिन्ही जमवण्याजोग्या आहेत, किंमत मात्र वेगवेगळी द्यायची. हरवलेल्या अंगठीच्या जागी खेळाडूला दुसरी करून दिलेली असू शकते. "ही पहिली की नंतरची?" हे पत्रात लिहून मागा.

खेळाडूंना मिळालेले जुने छोटे चषक साधारण १३ इंच उंच असतात आणि त्यांवर संघाची नावं कोरलेली असतात. नावात चूक दिसली म्हणून लगेच खोटा ठरवू नका. खऱ्या कपवरही १९६३ च्या मेपल लीफ्सचं "लीएस", १९७२ च्या बोस्टनचं "बीक्यूएसटीक्यूएन" आणि १९८१ च्या आयलँडर्सचं पहिला एस गळलेलं नाव कोरलं गेलं होतं. कोरीव काम आहे की आम्लाने किंवा लेझरने उतरवलेलं, हे जास्त बोलकं. छिन्नीच्या खाचेचा तळ भिंगाखाली तिरका आणि चकचकीत दिसतो.

पैसे

लिलावात पुकारलेली किंमत शेवटची नसते. खरेदीदाराकडून साधारण २० टक्के जास्तीचे घेतले जातात आणि त्यावर कर. ओंटारियोत १,००० डॉलरला बोली सुटली तर २०० प्रीमियम, मग १,२०० वर १३ टक्के म्हणजे १५६. पाठवणी आणि विमा धरायच्या आधीच १,३५६ झाले. बोलीची मर्यादा या आकड्यावरून मागे येत ठरवा.

विजयानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घेऊ नका. तेव्हा भाव जल्लोषाचा असतो. उन्हाळ्यात संघ आपलं वापरलेलं सामान विकायला काढतात आणि संघांच्या धर्मादाय संस्था लिलाव करतात. माल तिथे थेट मुळातून येतो, कागद चोख असतात. अनोळखी माणसाला परत न मिळणाऱ्या मार्गाने पैसे पाठवू नका. भारतात मागवताना पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. "गिफ्ट" म्हणून कमी किंमत दाखवली आणि पार्सल गहाळ झालं, तर विम्याचे पैसेही तेवढेच मिळतात.

घरी आणल्यावर

जर्सी धुवायची नाही. घामाचे आणि फळ्यांचे डाग हाच पुरावा आहे. आम्लविरहित कागदात सैल घडी घालून, घडीच्या वळणात कागदाच्या गुंडाळ्या ठेवून, पुठ्ठ्याच्या आम्लविरहित पेटीत आडवी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेली जर्सी मुंबईत किंवा कोकणात एका पावसाळ्यात बुरशीने डागाळते. दमटपणा ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. खोलीत छोटं आर्द्रतामापक ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या आकडा वाढला की बदला. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिकची छपाई आणि पारदर्शक डब्या चिकट होतात. चौकटीत लावायची तर अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक घ्या आणि कापड काचेला टेकू देऊ नका.

पक आणि चांदीचा मुलामा असलेला छोटा चषक एकाच बंद कपाटात ठेवायची चूक फार जण करतात. पकाचं रबर गंधक घालून पक्कं केलेलं असतं. तो गंधक हळूहळू हवेत येतो आणि चांदी काळी पडते. मग चकाकी आणायला पॉलिश घासलं जातं आणि प्रत्येक वेळी मुलामा थोडा पातळ होतो. पक वेगळ्या कप्प्यात ठेवा. जुन्या पकावर पांढुरकी साय दिसली तर कोरड्या मऊ फडक्याने हलकं पुसा, तेल लावू नका. सही असेल तर तेवढा भाग सोडूनच पुसा. तिकिटं आणि कार्यक्रमपत्रिका पीव्हीसीच्या पाकिटात नकोत, पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर वापरा.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तो वस्तूवर नाही, सोबतच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. वहीत त्या क्रमांकापुढे मापं, आठ बाजूंचे फोटो, कुणाकडून कधी किती डॉलरला घेतली, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जुळवलेली छायाचित्रं नोंदवा. पत्रांच्या मूळ प्रती वस्तूच्या पेटीत ठेवू नका. पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जातात.